गालावरचा शेंदूर

माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, जबडे राहतात. कुणी समोर येऊन "ओळखलंत का?" असं विचारलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते आणि मनात म्हणते, याच्या डाव्या गालाचं हाड जरा बसकं आहे, लहानपणी कुठेतरी पडला असणार. नाव काही केल्या आठवत नाही. घरचे लोक या सवयीला कंटाळले आहेत. मुलासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पोहे खाता खाता मी तिच्या आईला विचारलं होतं, "हिच्या अक्कलदाढा नीट आल्यात ना हो?" तरीही ते लग्न जमलं. मुलगा अजून म्हणतो की ते त्याचं नशीब, माझी कर्तबगारी नव्हे.

ही खोड मला परळच्या एका इस्पितळात लागली. तळमजल्यावर जिन्याखालच्या बोळातून आत गेलं की एक्स-रेची खोली होती. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. इस्पितळाच्या कुंपणावर, गिरण्यांच्या भिंतींवर, ट्रामच्या खांबांवरसुद्धा डांबराने 'झालाच पाहिजे' लिहिलेलं असायचं. आमच्या खोलीत मात्र बाहेरचं काहीच दिसत नसे. खिडक्यांच्या काचांना काळा रंग दिलेला आणि दाराला गोधडीसारखा जाड पडदा. मी एकवीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन, खटपटी करून तिथे मदतनीस म्हणून लागले होते.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कताईला होते. विणाईच्या खात्यात आमच्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि आमच्या तोंडचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. धर्मांतराला तेव्हा वर्ष झालं असेल. आईने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि दादरच्या समुद्रात सोडून आली. घरी आल्यावर तिने रिकामा कोनाडा पुसला, तिथे आरसा ठेवला आणि मला म्हणाली, "आता इथं बघून वेणी घालत जा."

मला काम शिकवलं ते काकांनी. सगळं इस्पितळ त्यांना काकाच म्हणायचं. ते ब्राह्मणवस्तीच्या फणसवाडीत राहायचे, धोतर आणि वर बंद गळ्याचा कोट घालून यायचे आणि आत आल्या आल्या कोट काढून खुंटीला अडकवायचे. वर्षानुवर्षं फिल्म धुऊन त्यांची नखं तपकिरी झाली होती. पहिल्याच दिवशी ते मला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले, लाल दिवा लावला आणि म्हणाले, "घाल हात." एकाच टाकीत त्यांचा हात आणि माझा हात. संध्याकाळी हे मी आईला सांगितलं तर तिने दोनदा विचारलं, "त्यांना तुझं घर ठाऊक हाय ना?" ठाऊक होतं. काकांनी ते विचारलं होतं आणि मग पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता.

त्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे. आंबट, थोडा लोखंडासारखा. केसांना, पातळाला, डब्यातल्या भाकरीला तो लागायचा. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापून फिल्म काळवंडायच्या, म्हणून आम्ही बर्फाची लादी मागवायचो. ती फोडताना काका एक खडा उचलून स्वतःच्या मानेवर फिरवायचे आणि "अहाहा" म्हणायचे. इतक्या थोड्यावर खूश होणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

हाता-पायांचे फोटो कुणीही काढील. लोक एक्स-रेला फोटोच म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो होतो. खरा कस लागायचा तो डोक्याच्या आणि तोंडाच्या फोटोला. काका म्हणायचे, "अगं, डोकं म्हणजे आपली चाळ. रस्त्यावरून बघितलंस तर पुढची खोली, मागची खोली, संडासाची भिंत, सगळं एकावर एक दिसतं. कुणाचा दिवा कुणाच्या खिडकीत लागलाय ते कळत नाही. म्हणून एक फोटो समोरून, एक बाजूने. एकट्या फोटोवर कधी विसंबू नकोस." डोकं जरा तिरकं झालं की सगळंच वाया. मग आम्ही वाळूच्या पिशव्या लावायचो, हनुवटीखाली बुचाचा ठोकळा सरकवायचो, आणि मी शिशाच्या पडद्याआडून ओरडायचे, "हलू नका! श्वास धरा!" माझा आवाज तेव्हाही मोठा होता. एकदा एक हवालदार माझ्या ओरडण्याने दचकला आणि टेबलावरून खाली उतरून उभाच राहिला.

फोटोच्या आधी डोक्यावरचं सगळं काढावं लागे, कारण धातू फिल्मवर पांढरा उमटतो आणि त्याच्यामागचं हाड झाकतो. बायकांच्या अंबाड्यातून काय काय निघायचं! आकडे तर निघायचेच, पण गंगावनात खोचलेली सुई, तावीज, एकीच्या अंबाड्यातून तर किल्ली निघाली होती. सासूच्या हाती लागू नये म्हणून ती तिथे ठेवायची, असं तिने मला कानात सांगितलं. हे सगळं आम्ही इनॅमलच्या वाडग्यात ठेवायचो. नथ काढायला बायका कुरकुरायच्या, मंगळसूत्राला तर हातच लावू द्यायच्या नाहीत, मग ते मागे पाठीवर सरकवायचं. कुंकवाला मात्र आम्ही कधी हात लावला नाही. हळदीचं कुंकू फिल्मवर उमटत नाही, शेकडो कपाळं मी पाहिली होती.

त्या वर्षी काका सत्याग्रहात गेले. आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून टाकीतलं पाणी कधी बदलायचं, कुठल्या डॉक्टरांना ओली फिल्म चालते, कुणाला वाळलेलीच लागते, हे सगळं पुन्हा सांगितलं. मी विचारलं, "काका, तुम्हाला तुरुंगात झोप लागेल का?" तर म्हणाले, "फणसवाडीत आमच्या खोलीत आम्ही नऊ जण झोपतो गं. तिथे ऐसपैस असेल." आणि गेले. मी एकटी राहिले. मोठे तंत्रज्ञ होते ते सकाळी तासभर येऊन सह्या करून जायचे. हरताळांमुळे फिल्मची खोकी वेळेवर येत नव्हती, त्यामुळे फिल्म जपून वापरा असा निरोप वरून आला होता.

अशाच एका हरताळाच्या दिवशी शीव कोळीवाड्याहून एक आई आणि तिची मुलगी चालत आल्या. ट्राम बंद, बस बंद. आई दणकट, कासोट्याचं लुगडं नेसलेली, डोक्यावर मासळीची रिकामी पाटी, पायात काही नाही. मुलगी सतरा-अठराची. उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत सुजून दगडासारखा झाला होता आणि त्यावर तेलात कालवलेला शेंदूर जाड थापला होता. अर्धा चेहराच केशरी दिसत होता. आईनेच सांगून टाकलं की दोन महिन्यांपासून सूज आहे, मुलीला तोंड उघडता येत नाही, भाताची पेज पाजतो. लग्न ठरलंय, होळी झाली की हळद.

मी मुलीच्या कानातले काढले, डोक्यातले आकडे काढले. मग कापसाचा बोळा घेतला आणि हात पुढे केला. तशी आई एकदम म्हणाली, "बाय, त्याला हात नको लावू. देवीचा हाय तो."

माझा हात तिथेच थांबला.

आज एवढ्या वर्षांनी मी खरं तेच लिहिणार आहे. मला वाटलं, हिने माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. कपाळाला कुंकू नाही, बोलण्यात परळची चाळ आहे, हिने ओळखलं मी कोण. देवाच्या शेंदराला माझा हात नको. एरवी मी फाडकन बोलले असते, कारण रागाच्या भरात मी कुणाचं ऐकत नसे. पण त्या दिवशी मी एकटी होते, नोकरी नवी होती, बाहेर हरताळ होता, आणि ती बाई माझ्यावर ओरडली असती तर माझ्या बाजूने बोलायला काका नव्हते. मी स्वतःची समजूत घातली. कुंकू उमटत नाही, मग शेंदूर तरी कशाला उमटेल? दोन्ही रंगच. बोळा मी वाडग्यात टाकला आणि मुलीला टेबलावर कुशीवर निजवलं.

फोटो बाजूचा काढला. समोरून दुसरा काढायला हवा होता, तेही मी केलं नाही. फिल्म जपायची होती, आणि मला त्या दोघींना लवकर बाहेर घालवायचं होतं. यातलं पहिलं कारण मी सगळ्यांना सांगत आले. दुसरं आज पहिल्यांदा लिहिते आहे.

फिल्म धुतली. जबड्याच्या हाडावर पांढरे डागच डाग होते. खडीसाखर सांडावी तसे, काही एकमेकांना चिकटलेले, कडा वेड्यावाकड्या. हाडांचे मोठे डॉक्टर आले, फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बोटाने त्या मुलीचा गाल चाचपला, शेंदूर त्यांच्या बोटाला लागला, तो त्यांनी रुमालाला पुसला. मला म्हणाले, "हाडावर भलतंच हाड चढतंय. ही गाठ चांगली नाही." आईला त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं की उजव्या बाजूचा अर्धा जबडा काढावा लागेल, नाहीतर मुलगी वाचणार नाही. पंधरा दिवसांनी खाट रिकामी होईल, तेव्हा भरती करा.

"आणि मंग तोंड कसा दिसंल?" आईने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, जीव वाचेल."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. दात मिटलेलेच ठेवून तिने मला विचारलं, "ताई, गाल आत जातो का?" मी वाडग्यातले तिचे कानातले तिच्या हातात ठेवले. तिने मान हलवली आणि आईच्या पाटीवरचं फडकं नीट केलं. मला ते बघवेना, मी अंधाऱ्या खोलीत गेले.

पुढचे दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. त्या मुलीची फिल्म मी पुन्हा पुन्हा काढून बघायचे. लग्न ठरलेली पोर, आणि तिचा चेहरा कापून टाकणार. चाळीत शेजारीण हसली तरी मला तिचा जबडा दिसायचा, अर्धा. आई म्हणाली, "तू त्या इस्पितळातून रोज मढं घरी आणतेस."

मग एका शनिवारी गिरणीतला एक जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला. नाकाच्या वरती कपाळात ठणका लागतो म्हणून डॉक्टरांनी पाठवलेला. सकाळी मारुतीला जाऊन आला होता, कपाळावर शेंदराचा ठळक टिळा. हा माणूस चांगला गप्पिष्ट होता, मी पुसते म्हटलं असतं तर त्याने पुसूही दिला असता. पण कुंकू उमटत नाही हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी समोरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढले. बाजूची फिल्म धुऊन उजेडात धरली.

कपाळाच्या हाडाच्या बाहेर, कातडीवर, एक पांढरी शुभ्र रेघ होती. हाडाला ती कुठे चिकटलेली नव्हती. आणि समोरच्या फिल्मवर तीच रेघ कपाळाच्या हाडात रुतलेली वाटत होती, कडा वेड्यावाकड्या, खडीसाखरेसारखी.

मी धावतच कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. पुडीभर शेंदूर आणला, खोबरेल तेलात कालवून कागदावर थापला, फिल्मच्या पेटीवर ठेवला आणि फोटो काढला. शेजारी चिमूटभर कुंकू ठेवलं होतं. कुंकवाच्या जागी काहीच नव्हतं. शेंदराच्या जागी पांढरा फटक गोळा.

त्याच आठवड्यात काका सुटून आले होते. दाढी वाढलेली, आवाज बसलेला, पण तोरा कायम. मी फिल्म त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, बोळा वाडग्यात टाकला तेसुद्धा. ते ऐकत ऐकत खुर्चीवर बसले. म्हणाले, "अगं, शेंदूर म्हणजे शिसं. नळाच्या आट्यांना प्लंबर लावतात तो शेंदूरच असतो. या पडद्यात जे आहे ना, ज्याच्याआड आपण उभे राहतो, तेच." मग म्हणाले, "हे मी तुला शिकवायला विसरलो. डॉक्टरांना मी सांगतो, चूक माझी."

मला एकदम रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "तुम्ही तुरुंगात होता. चूक माझी आहे आणि ती मीच सांगणार." नोकरी जाईल हे मला दिसत होतं. आमच्या चाळीतून इस्पितळात चिकटलेली मी पहिलीच होते, आणि आता तीन दिवसांवर ऑपरेशन होतं.

डॉक्टरांनी चारही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. बघता बघता त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "शेंदूर तुम्हाला दिसला होता ना?"

"हो."

"मग पुसला का नाहीत?"

मी सांगितलं. मी कोण, माझे वडील कुठे काम करतात, ती बाई काय म्हणाली आणि मला काय वाटलं. बोलताना माझा आवाज चढला, त्यांच्यावर नव्हे, माझ्यावरच. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझ्याही बोटाला लागला होता तो. मी रुमालाला पुसला आणि विसरलो." पुन्हा चष्मा लावला. "त्यांना बोलावून घ्या. आणि बाई, यापुढे माझ्या रोग्याच्या तोंडावर देव बसलेला असो नाहीतर भूत, तुम्ही पुसायचं. कुणी काही बोललं तर मला हाक मारायची." नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

निरोप पाठवायला माणूस मिळेना, म्हणून मीच शीव कोळीवाड्यात गेले. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, त्याखालून वाकून जावं लागत होतं. आई अंगणात सुकट पसरत बसली होती. मला बघून ती चटकन उठली. तिला वाटलं, ऑपरेशन अलीकडे आलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली. गाल तसाच, शेंदूर ताजा, देवीचा भगत रोज नवा लावायचा.

मी उभ्या उभ्याच बोलले. "मावशी, कदाचित जबडा कापायला लागणार नाही. फोटो चुकलाय. शेंदूर पुसून घ्यायला हवा होता, मी पुसला नाही. माझी चूक आहे."

"तू कशाला? मीच नको बोललेली."

"तुम्ही नको म्हणालात तरी मी सांगायला पाहिजे होतं. मी भ्याले. आम्ही बौद्ध, परळच्या चाळीतले. मला वाटलं, माझा हात नको म्हणून तुम्ही थांबवलंत."

तिने हातातली सुकट खाली ठेवली. "तुझा हात? अगो बाय, मी देवीला भ्यालेली! सूज उतरल्याबिगर पुसायचा नाय, असा भगत बोललेला. तुझा हात कशाला नको असंल मना? माझे हाताला म्हावऱ्याचा वास. शेटाणी बोलते, पाटी जिन्यात ठेव, वर नको येऊ. मी कुनाचा हात नको बोलणार?"

अशा प्रसंगी माझा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, हेही इथे लिहायला हवं. मी उगाच संशयी नव्हते, अनुभवाने शिकवलेली होते. पण त्या बाईच्या बाबतीत मी चुकले होते, आणि तिला काही न विचारताच मी मनातल्या मनात तिला दोषी ठरवून मोकळी झाले होते. मला तिच्यासमोर फार लाज वाटली. मी म्हटलं, "देवीला काय सांगाल?"

"देवीला मी बघून घेईन," ती म्हणाली. "तू पूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला खुर्चीवर बसवलं आणि आधी गोड्या तेलाने, मग साबणाने तिचा गाल पुसला. बोळ्यांमागून बोळे केशरी होत होते. कानामागे, जबड्याच्या कोनाखाली, केसांच्या मुळाशी, सगळीकडे तो मुरला होता. दुखत असणार, पण ती हूं की चूं करत नव्हती. आई डोळे मिटून ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. आतून कातडी निघाली ती लालसर, तुकतुकीत, आणि हनुवटीपाशी एक तीळ होता. तो तीळ बघून मला उगाचच बरं वाटलं.

मग एक समोरून, एक बाजूने. काका आणि मी दोघेही लाल दिव्यात वाकून उभे होतो. टाकीतून फिल्म वर काढली, पाणी निथळत होतं तशीच उजेडावर धरली. हाडाची रेघ अखंड होती. एकही पांढरा डाग नाही. फक्त मागे, कोपऱ्यात, एक अक्कलदाढ आडवी झोपलेली आणि तिच्याभोवती काळसर वर्तुळ, म्हणजे पू.

"दात आहे गं!" काका ओरडले. "मेला नुसता दात आहे!" आणि त्यांनी ओल्या हातांनीच टाळी वाजवली. दोघांच्याही तोंडावर ते आंबट पाणी उडालं. मी इतकी हसले की बाहेरच्या बाकावरची माणसं पडदा सारून बघायला लागली.

डॉक्टरांनी दाढ काढली, पू काढला, थोडं हाड खरवडलं. महिन्याभरात सूज उतरली. खोलीच्या दारावर काकांनी खडूने लिहिलं, 'तोंड धुऊन आत यावे', आणि त्यावरून लोक काय काय विनोद करायचे ते इथे नको. मीही सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगायला लागले होते. शेवटी असंही म्हणायचे की चूक वेळेवर सापडली, कुणाचं काही गेलं नाही.

हळदीच्या आधीच्या आठवड्यात ती आई एकटीच आली. पाटीत माझ्यासाठी सुके बोंबील होते, बसायला वेळ नव्हता. जाता जाता तिने कनवटीला खोचलेली कागदाची घडी काढली. आत एक फोटो होता, खराखुरा, दादरच्या कुठल्याशा स्टुडिओतला.

"डॉक्टर बोलले ना जबडा काढायला लागंल, त्याचे दुसऱ्या दिवशी पोर मना न सांगता गेली," ती म्हणाली. "फोटोवाला बोलला, मान फिरव, सुजलेली बाजू दिसणार नाय. तर त्याला बोलली, अर्धा जाणार हाय, पुरा काढा." तिने फोटो माझ्या हातात ठेवला. "आता फाडवत नाय, नि लग्नाचे घरात ठेववत पन नाय. तू ठेव, बाय."

ती गेली. मी फोटो उजेडाच्या पेटीजवळ नेला. मुलगी चांगलं लुगडं नेसून, केसांत वेणी माळून, सरळ समोर बघत बसली होती. सुजलेल्या गालावर शेंदूर काळा दिसत होता. ओठ मिटलेले, हात मांडीवर. आपल्याच चेहऱ्याला निरोप द्यायला आलेल्या माणसासारखी ती तिथे बसली होती, आणि तिला तिथे नेऊन मी बसवलं होतं.